द्राक्षगर्भ : आजार बरा होतो, मनाचे काय?

गर्भधारणेशी निगडित अर्बुदे हा स्त्रीरोगशास्त्रातील एक विलक्षण विषय आहे. ज्या पेशींनी बाळाची वार तयार व्हायची, त्याच पेशी अनिर्बंध वाढू लागतात आणि बाळाऐवजी रोग पोसला जातो. तथापि वैद्यकीय दृष्ट्या ही अत्यंत आशादायक व्याधी होय. फुप्फुसापर्यंत पसरलेला कर्करोगही औषधांनी समूळ बरा व्हावा, असे यश इतर फार थोड्या अर्बुदांत लाभते. वेळेवर निदान झाले आणि उपचार पूर्ण केले, तर जवळजवळ प्रत्येक रुग्ण बरी होते. बहुतेकींचे गर्भाशय शाबूत राहते आणि पुढे त्यांना निरोगी अपत्येही होतात.

या यशामुळेच एक प्रश्न नजरेआड राहतो. अहवाल चांगले आले म्हणजे रुग्णही सावरली, असे डॉक्टर आणि घरची मंडळी दोघेही गृहीत धरतात. त्या स्त्रीने मात्र काही महिन्यांत गर्भ गमावलेला असतो, कर्करोगाची भीती अनुभवलेली असते आणि पुन्हा आई होण्याची वाट पाहण्याचा आदेश ऐकलेला असतो. प्रस्तुत लेखात आजाराची थोडक्यात ओळख करून देऊन तिच्या मनःस्वास्थ्याचा आणि जीवनमानाचा विचार करावयाचा आहे. या विचाराला एक व्यावहारिक कारणही आहे. मनाने खचलेली स्त्री तपासणीला येणे थांबवते, आणि या आजारात तपासणी थांबणे हा सर्वांत मोठा धोका असतो.

आजाराची ओळख

वारेच्या पेशींपासून उद्भवणाऱ्या आजारांच्या या कुटुंबात सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे द्राक्षगर्भ. यात वारेचे तंतू पाण्याने फुगून द्राक्षांच्या घडासारखे दिसतात. हजार गर्भधारणांमागे साधारणतः एक ते दोन स्त्रियांना हा आजार होतो. अगदी कोवळ्या वयात आणि चाळिशीनंतर त्याचे प्रमाण वाढते.

त्याचे मूळ फलनाच्या क्षणी असते. पूर्ण द्राक्षगर्भात बहुधा आईकडील गुणसूत्रे नसतातच. केंद्रक नसलेल्या बीजांडात शिरलेल्या शुक्रजंतूची गुणसूत्रे दुप्पट होतात, किंवा क्वचित दोन शुक्रजंतू एकदम शिरतात. सारी ४६ गुणसूत्रे पित्याकडची असतात आणि गर्भ तयारच होत नाही. ही गोष्ट काजी आणि ओहामा या जपानी संशोधकांनी १९७७ साली दाखवून दिली. अपूर्ण द्राक्षगर्भात बीजांड व्यवस्थित असते, पण दोन शुक्रजंतू शिरल्याने गुणसूत्रांची संख्या ६९ होते. यात गर्भाचे काही अवयव दिसू शकतात, परंतु तो गर्भ जगू शकत नाही.

पूर्वी हे निदान तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होत असे. उलट्या थांबत नसत, पोट दिवसांच्या मानाने मोठे दिसे, आणि घरात ‘डोहाळे कडक आहेत, जुळे असेल’ अशी कौतुकाची चर्चा चाले. मग अंगावरून जाऊ लागे आणि सारे चित्र पालटे. आता पहिल्या काही आठवड्यांतील सोनोग्राफीतच बहुधा शंका येते. उपचार म्हणजे गर्भाशय शोषणपद्धतीने रिकामे करणे. पुढे रक्तातील एचसीजी या संप्रेरकाची आठवड्याला तपासणी करावी लागते, कारण वारेच्या पेशी शिल्लक असतील तर हा आकडा उतरत नाही. पूर्ण द्राक्षगर्भ झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे १५ ते २० जणींत आणि अपूर्ण द्राक्षगर्भात पाचांहून कमी जणींत अशा पेशी पुन्हा वाढू लागतात. एचसीजीचा आकडा तीन आठवड्यांत चार मोजण्यांत स्थिरच राहिला, किंवा दोन आठवड्यांत तीन मोजण्यांत चढत गेला, की औषधोपचार सुरू करावा लागतो.

याच कुटुंबातील कोरिओकार्सिनोमा हा खराखुरा कर्करोग. तो द्राक्षगर्भानंतर होतो, तसाच साध्या गर्भपातानंतर किंवा सुखरूप बाळंतपणानंतरही होऊ शकतो. बाळंतपणानंतर रेंगाळलेला रक्तस्राव किंवा थुंकीतून रक्त, अशा वेळी एचसीजी तपासून पाहण्याचे भान डॉक्टरांनी ठेवावे ते याचसाठी.

एक जुनी कथा आणि एक औषध

हॉलंडमधील लोसडाउनन या गावी एक कथा सांगितली जाते. हेनेबर्गची उमरावपत्नी मार्गारेट हिने जुळी मुले घेऊन भीक मागणाऱ्या एका बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. त्या बाईने शाप दिला आणि १२७६ साली मार्गारेटला म्हणे वर्षाच्या दिवसांइतकी, ३६५ इवलीशी मुले झाली. ती सारी आणि आई त्याच दिवशी मरण पावली. हा द्राक्षगर्भ असावा, असा तर्क पुढे वैद्यकांनी केला. या कथेतील शाप विचार करण्याजोगा आहे. गर्भ वेडावाकडा वाढला, तर दोष त्या स्त्रीचाच, हा समज सातशे वर्षांपूर्वी युरोपात होता आणि आपल्याकडेही तो अद्याप गेलेला नाही. ‘ग्रहण पाळले नाही’, ‘पपई खाल्ली’, ‘नको म्हटले तरी नोकरी सोडली नाही’ ही त्याच शापाची आपल्या घरांतील रूपे होत.

आजच्या उपचाराचा इतिहास मात्र उमेद देणारा आहे आणि त्याचा एक धागा आपल्या हैदराबादच्या वाचकांना जवळचा वाटेल असा आहे. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत फॉलिक आम्लाला विरोध करणारी औषधे तयार झाली. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातील औषध. सुब्बाराव १९४८ साली निवर्तले. १९५६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी पसरलेल्या कोरिओकार्सिनोमावर हे औषध वापरून तो आटोक्यात आणल्याचे प्रसिद्ध केले. केवळ औषधांनी बरा झालेला हा पहिला घन अर्बुदाचा कर्करोग मानला जातो.

क्ष-किरण चित्रात अर्बुद दिसेनासे झाले, तरी रुग्णाच्या शरीरातून एचसीजी स्रवत असल्याचे ली यांच्या ध्यानात आले, आणि तो पूर्ण नाहीसा होईपर्यंत त्यांनी औषध चालूच ठेवले. विनाकारण विषारी औषध देत असल्याचा ठपका त्यांच्यावर आला आणि त्यांना ती संस्था सोडावी लागली. पुढे त्यांचेच म्हणणे खरे ठरले. १९७२ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. डोळ्यांना दिसणारा आजार संपला म्हणजे उपचार संपला नाही, हा त्यांचा आग्रह आज सर्वमान्य आहे. त्या आग्रहाचा विस्तार रुग्णाच्या मनापर्यंत करण्याचे काम अजून बाकी आहे.

एकाच वेळी तीन आघात

पहिला आघात गर्भ गमावल्याचा. सोनोग्राफीच्या खोलीत आनंदाने गेलेली स्त्री बाहेर येते, तेव्हा तिच्या हातात ‘गर्भ नाही’ असा कागद असतो. पूर्ण द्राक्षगर्भात तर बाळ मुळात नव्हतेच, असे तिला सांगितले जाते. शास्त्रीय दृष्ट्या ते खरे आहे. पण तिने मनात नाव ठरवलेले असते, माहेरी कळवलेले असते, पाचव्या महिन्याच्या चोळीचा आणि सातव्या महिन्याच्या ओटीभरणाचा विषय निघालेला असतो. नसलेल्या बाळाचे दुःख करण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हेही तिला उमगत नाही. जन्मलेल्या माणसाच्या मृत्यूनंतर दहावा असतो, तेरावा असतो, लोक भेटायला येतात. या दुःखाला विधी नाही, सुतक नाही, की सांत्वनाचे ठरलेले शब्दही नाहीत. त्यातून पुष्कळ रुग्णालयांत तिची खाट बाळंतिणींच्या कक्षातच असते. रात्रभर शेजारच्या तान्ह्यांचे रडणे ऐकत पडून राहणे ही शिक्षा तिला कोणी हेतुतः दिलेली नसते, पण ती तिच्या वाट्याला येते.

दुसरा आघात कर्करोग या शब्दाचा. द्राक्षगर्भ स्वतः कर्करोग नव्हे. पण ‘पुढे होऊ शकतो’ एवढे वाक्य कानी पडले की बाकीचे सारे ऐकू येईनासे होते. औषधोपचार सुरू करण्याची वेळ आली तर तिला कर्करोग रुग्णालयात जावे लागते. तेथील प्रतीक्षागृहात डोक्यावर ओढणी घेऊन बसलेल्या, खंगलेल्या रुग्णांकडे पाहून आपलीही अवस्था हीच होणार, असे ती मनाशी धरून बसते. कमी धोक्याच्या गटात मेथोट्रेक्सेटची इंजेक्शने स्नायूत दिली जातात, तोंड येते, डोळे चुरचुरतात, पण केस बहुधा गळत नाहीत, हे तिला कोणी आधी सांगितलेले नसते.

तिसरा आघात प्रतीक्षेचा. दर आठवड्याला रक्त द्यायचे आणि आकड्याची वाट पाहायची. हल्ली अहवाल रात्री-बेरात्री मोबाइलवर येतो. त्यावर आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि खाली ‘तीन आठवडे, चार आठवडे, पाच आठवडे’ असे गर्भाच्या वाढीचे कोष्टक असते. गर्भ गमावलेल्या स्त्रीने दर आठवड्याला आपला आकडा त्या कोष्टकाशेजारी वाचायचा असतो. दुसरीकडे दिवस जाऊ द्यायचे नाहीत अशी डॉक्टरांची सूचना असते, कारण नव्या गर्भामुळे एचसीजी वाढतो आणि आजार परतला की काय हे कळत नाही. घरचे मात्र ‘आता लवकर दुसरे होऊ द्या, म्हणजे हे विसराल’ असे प्रेमाने सुचवत असतात. पस्तिशीच्या पुढच्या स्त्रीला तर प्रत्येक महिना हातातून निसटल्यासारखा वाटतो.

पतिपत्नींचे संबंधही या काळात ताणले जातात. पुन्हा दिवस राहतील या भीतीने ती जवळीक टाळते, पतीला ते नाकारणे वाटते, आणि दोघेही बोलत नाहीत. पतीचेही मूल गेलेले असते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

संशोधन काय सांगते?

या आजारातील मानसिक परिणामांचा पद्धतशीर अभ्यास प्रथम अमेरिकेत, बोस्टनच्या न्यू इंग्लंड ट्रोफोब्लास्टिक डिसीज सेंटरमध्ये झाला. १९९२ साली लॅरी वेन्झेल, रॉस बर्कोविट्झ, डोनाल्ड गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिंता, चीड, थकवा, गोंधळलेपण आणि कामजीवनातील अडचणी या गोष्टी लक्षणीय प्रमाणात आढळल्या. पुढच्या गर्भधारणेविषयीची काळजी तर दीर्घकाळ टिकून राहिलेली दिसली. ज्यांचा आजार पसरला होता किंवा उपचार चालू होते, त्यांना त्रास अधिक होता.

पुढे याच मंडळींनी आजारातून बऱ्या झालेल्या स्त्रियांची पाच ते दहा वर्षांनी पाहणी केली. त्यांचे एकंदर जीवनमान चांगले होते, ही दिलासा देणारी गोष्ट. तरीही अपत्यप्राप्तीविषयीची खंत आणि धास्ती अनेकींच्या मनात शिल्लक होती. उपचारांच्या वेळी आधारगट किंवा समुपदेशन उपलब्ध असते, तर आपण त्याचा लाभ घेतला असता, असे बहुसंख्य स्त्रियांनी सांगितले. म्हणजे काळ बऱ्याच जखमा भरून काढतो, पण मदतीची खरी गरज पहिल्या वर्षात असते आणि तेव्हाच ती मिळत नाही.

ब्रिटनमध्ये १९७३ पासून द्राक्षगर्भाच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदणी होते आणि लंडन, शेफील्ड व डंडी येथील मोजक्या केंद्रांतून त्यांचा पाठपुरावा केला जातो. स्त्रीला आपल्या गावी राहून नमुना पाठवता येतो आणि शंका विचारायला या आजाराची माहिती असलेली परिचारिका भेटते. आपल्याकडे अशी व्यवस्था सार्वत्रिक नाही, त्यामुळे ती जबाबदारी कुटुंबाच्या डॉक्टरांवर आणि स्थानिक स्त्रीरोगतज्ज्ञांवर येते.

त्रास मनाचा की शरीराचा?

येथे डॉक्टरांनी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एचसीजीची रचना थायरॉइड ग्रंथीला चालना देणाऱ्या संप्रेरकाशी मिळतीजुळती आहे. एचसीजी फार वाढला तर ही ग्रंथी अतिक्रियाशील होते. धडधड, हातांची थरथर, घाम, झोप न लागणे ही लक्षणे दिसतात आणि ती ‘घाबरट स्वभावा’च्या नावावर जमा होतात. रक्तस्रावानंतरच्या पांडुरोगाने आलेला थकवा उदासीनतेसारखा दिसतो. अनेक औषधे एकत्र दिली जातात, तेव्हा उलटी थांबवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे झोप उडते. म्हणून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय सारे मनावर ढकलू नये.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. आपल्या स्त्रिया ‘मी निराश आहे’ असे क्वचितच म्हणतात. ‘जीव घाबरतो’, ‘छातीत कालवाकालव होते’, ‘कशात मन लागत नाही’, ‘अंग गळून गेल्यासारखे वाटते’ असे त्या सांगतात. नांदेड-लातूरकडून सून म्हणून हैदराबादेत आलेल्या मुलीला हे तेलुगूत किंवा इंग्रजीत सांगता येत नाही आणि हिंदीत सांगताना त्यातले अर्धे गळून पडते. मराठी जाणणाऱ्या डॉक्टरांनी अशा वेळी पाच मिनिटे अधिक दिली, तर ती दुभाष्याच्या अर्ध्या तासाहून मोलाची ठरतात.

काही विशेष परिस्थिती

बाळंतपणानंतर कोरिओकार्सिनोमा झालेल्या मातेचे दुःख वेगळे असते. मांडीवर तान्हे बाळ असते आणि औषधोपचारामुळे अंगावरचे पाजणे बंद करावे लागते. जास्त धोक्याच्या गटात पाच औषधांचा ‘एमा-सीओ’ हा क्रम दिला जातो आणि त्यात केस पूर्ण गळतात. या रुग्णांतही दहापैकी नऊंहून अधिक बऱ्या होतात, हे तिला पहिल्याच भेटीत सांगावे. जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या आजारावर २०१७ पासून पेम्ब्रोलिझुमाबसारख्या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांनीही यश आल्याचे वृत्त आहे.

ज्या स्त्रीचे कुटुंब पूर्ण झाले आहे, तिला काही वेळा गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला जातो. ‘आता तसाही काय उपयोग’ हे उद्गार तिच्यासमोर कोणी काढू नयेत. शिवाय त्यानंतरही एचसीजीची तपासणी आवश्यकच असते, हे तिला सांगितले पाहिजे.

ज्यांना पुनःपुन्हा द्राक्षगर्भच होतो, अशा मोजक्या स्त्रियांत एनएलआरपी७ या जनुकातील दोष आढळतो. तो २००६ साली उजेडात आला. अशांना जनुकीय सल्लागाराकडे पाठवावे. दात्या स्त्रीचे बीजांड वापरून त्यांनाही निरोगी अपत्य होऊ शकते. वर्षानुवर्षे बोल लावून घेणाऱ्या स्त्रीला आपल्या दुर्दैवाचे जनुकीय कारण कळणे हीच पुष्कळदा मोठी सुटका असते.

डॉक्टरांनी काय करावे?

१. पहिली भेट घाईत उरकू नये. पतीला आणि घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला बसवून घ्यावे. ‘आमच्या घराण्यात असे कधी झाले नाही’ असे सासूबाई म्हणाल्या, तर त्यांना शांतपणे सांगावे, “काकू, हा बीज जुळतानाच घडलेला योगायोग आहे. सूनबाईंनी काही खाल्ले, उचलले किंवा केले म्हणून हे झाले नाही. पुढच्या खेपेला पुन्हा असेच होण्याची शक्यता शंभरात एखादी असते.” हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून घरच्यांसमोर ऐकणे त्या स्त्रीला फार मोठा आधार देते.

२. शब्द नेमके वापरावेत. द्राक्षगर्भ कर्करोग नाही, पण लक्ष ठेवले नाही तर काहींत तसे रूप घेऊ शकतो, एवढेच सांगावे. नातेवाईकांच्या आग्रहाखातर तिच्यापासून काही लपवू नये. लपवलेली गोष्ट मोबाइलवर शोधून ती अधिक भयंकर रूपात वाचते.

३. तिच्या समोर एक आलेख काढावा आणि दर आठवड्याचा आकडा त्यावर तिलाच मांडू द्यावा. उतरती रेघ पाहणे हे सुट्या आकड्यांपेक्षा धीर देणारे असते. चाचणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, कारण पद्धती बदलली की आकडा बदलतो आणि निष्कारण घबराट होते. बाहेरगावच्या स्त्रीला दर आठवड्याला प्रवास करायला न लावता तिच्या गावातील एक प्रयोगशाळा ठरवून द्यावी.

४. प्रतीक्षेचा काळ स्पष्ट सांगावा. नव्या आंतरराष्ट्रीय सूचनांनी तो कमी केला आहे. एचसीजी सामान्य झाल्यानंतर अपूर्ण द्राक्षगर्भात एका महिन्याने एक पुष्टीची तपासणी, आणि पूर्ण द्राक्षगर्भात तीन महिने दरमहा तपासणी पुरेशी मानली जाते. काही केंद्रे अजून सहा महिन्यांचा पाठपुरावा करतात. औषधोपचार घेतलेल्यांनी मात्र वर्षभर गर्भधारणा टाळावी. गरजेपेक्षा लांबलेली प्रतीक्षा ही निरुपद्रवी सावधगिरी नव्हे, तिची किंमत ती स्त्री मोजते. गर्भनिरोधक गोळ्या घेण्यास हरकत नाही. तांबी मात्र एचसीजी सामान्य होईपर्यंत बसवू नये.

५. मनाची चौकशी नोंदपत्रात आणावी. उपचाराच्या सुरुवातीला, मध्ये आणि संपल्यावर तीन महिन्यांनी एखादी छोटी प्रश्नावली द्यावी. ‘पीएचक्यू-९’ मराठीतही उपलब्ध आहे. तिच्यात थकवा आणि भूक यांचे प्रश्न असल्याने औषधोपचार चालू असताना गुण फुगू शकतात. शारीरिक लक्षणे मुद्दाम वगळून १९८३ साली तयार झालेली ‘हॅड्स’ मोजपट्टी अशा वेळी अधिक उपयोगी पडते. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, बाई कामातून उठली किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलली, तर मनोविकारतज्ज्ञांकडे विनासंकोच पाठवावे. जीव देण्याचा विचार येतो का, असे थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. १४४१६ ही केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा २०२२ पासून अनेक भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध आहे.

६. शक्य असेल तेथे तिची खाट बाळंतिणींपासून दूर ठेवावी. यासाठी पैसा लागत नाही, वॉर्डमधील सिस्टरला सांगून ठेवले तरी पुरते.

७. तपासणीला न आलेल्या रुग्णेला दुसऱ्याच दिवशी दूरध्वनी करावा. ‘का आला नाहीत?’ असे दरडावण्याऐवजी ‘ताई, काही अडचण आली का?’ असे विचारावे. अनेकदा उत्तर पैशाचे असते, कधी घरच्यांच्या नकाराचे, तर कधी आकड्याच्या भीतीचे. पैशाची अडचण असेल तर आयुष्मान भारत किंवा आरोग्यश्री यांसारख्या योजनांची माहिती द्यावी. भीती असेल तर निकाल मोबाइलवर न पाठवता समोर बसवून सांगावा.

८. पुढच्या गर्भधारणेत सहाव्या ते आठव्या आठवड्यात सोनोग्राफी करावी. बाळाचे ठोके पडद्यावर दिसेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असतो. ही तपासणी वैद्यकीय दृष्ट्या जितकी आवश्यक, तितकीच मनाच्या दृष्टीनेही.

घरच्यांनी आणि समाजाने काय करावे?

आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात स्थिरावलेल्या समाजात माणसे एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या अडीअडचणीला धावतात. त्याचबरोबर कोणाकडे पाळणा कधी हलणार, याची चौकशीही हळदीकुंकवापासून गणेशोत्सवापर्यंत सर्वत्र होते. या आजारातून जाणारी स्त्री अशा समारंभांना यायचेच टाळते, आणि नेमका आधाराच्या वेळी तिचा आधार तुटतो. तिला भेटायला जावे. ‘झाले ते बरे झाले’, ‘देवाची इच्छा’, ‘अजून वय आहे’ ही वाक्ये आवरावीत. ‘फार वाईट वाटले, काही लागले तर सांग’ एवढे पुरेसे आहे. डोहाळजेवणाचे किंवा बारशाचे आमंत्रण द्यावे, पण न आल्यास रुसू नये.

सासर-माहेरच्या मंडळींनी मूल होण्याची घाई करू नये. ठरलेल्या मुदतीआधी दिवस गेले तर धोका त्याच मुलीला आहे. तपासणीच्या दिवशी कोणीतरी तिच्यासोबत जावे. पतीने स्वतःचे दुःखही बोलून दाखवावे. त्यामुळे दोघांचेही ओझे हलके होते.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. गर्भाशय रिकामे करून तिसऱ्या दिवशी कामावर हजर होणाऱ्या स्त्रीला डॉक्टरांनी हे आवर्जून सांगावे आणि आवश्यक तो दाखला द्यावा.

बऱ्या झालेल्या आणि पुढे आई झालेल्या स्त्रियांपैकी एखादी स्वखुशीने बोलायला तयार असेल, तर नव्या रुग्णेशी तिची गाठ घालून द्यावी. आपल्या संघटनेतील स्त्रीरोगतज्ज्ञांनी अशा इच्छुक स्त्रियांची एक छोटी यादी गोपनीयता पाळून ठेवली, तरी हे काम सुरू होईल. त्याला सभागृह लागत नाही, निधी लागत नाही. बोस्टनच्या त्या पाहणीत स्त्रियांनी ज्याची उणीव बोलून दाखवली होती, ते नेमके हेच होते.

डॉ. ली यांनी औषध चालू ठेवले, ते डोळ्यांना न दिसणारा आजार मोजण्याचे साधन त्यांच्यापाशी होते म्हणून. मनाच्या वेदनेचा असा एकच आकडा रक्तात सापडत नाही. तो विचारावा लागतो, आणि उत्तर ऐकण्यासाठी खुर्चीवर जरा टेकून बसावे लागते. एचसीजीचा शेवटचा अहवाल सामान्य आल्यावर ‘आता यायची गरज नाही’ असे म्हणण्याआधी आपण प्रत्येकाने ‘आता कसे वाटते?’ एवढा एक प्रश्न विचारावा, अशी सर्व व्यवसायबंधूंना आणि भगिनींना नम्र विनंती आहे.